सुभेदारांचे उपवास

सुभेदार शंकरराव जाधव यांच्या गुदाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया सात वर्षांपूर्वी होळीच्या आठवड्यात झाली. त्याच वर्षी दसऱ्यापर्यंत ते आठवड्यातून चार-पाच दिवस उपवास करू लागले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे आम्हाला दिवाळीच्या तोंडावर कळले.

लेखातल्या व्यक्तींची नावे बदलली आहेत. सुभेदारांचे गाव कुंडलपासून जवळ आहे आणि रुग्णालय सांगली-मिरज परिसरातले, एवढे पुरे. मी तिथे स्टोमा नर्स होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. वॉर्डातल्या पहिल्या सिस्टरने रिपोर्ट लिहायला शिकवताना सांगितले होते की, काय पाहिले ते लिहायचे, कुणी सांगितले असेल तर कुणी ते लिहायचे, आपल्याला काय वाटले ते घरी न्यायचे. पुढचे सगळे त्याच सवयीने लिहिले आहे.

स्टोमा नर्स म्हणजे काय, हे माझ्या माहेरीही नीट कुणाला माहीत नाही. कॅन्सर गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाला असेल तर तो काढताना शौचाची नेहमीची वाट बंद करावी लागते. मग मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून कातडीला शिवतात. त्याला स्टोमा म्हणतात. दिसायला तो ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो. हात लावला तर दुखत नाही. मात्र त्याला झडप नसते, त्यामुळे कधी वाहायचे आणि कधी थांबायचे हे माणसाच्या हातात राहत नाही. त्यावर चिकटणारी पिशवी लावतात, भरली की रिकामी करतात, काही दिवसांनी बदलतात. शस्त्रक्रियेआधी स्टोमाची जागा पोटावर खूण करून ठरवणे, नंतर पिशवी लावायला शिकवणे, कातडी जपणे आणि माणसाला पुन्हा घराबाहेर काढणे हे माझे काम. पहिल्या तीन गोष्टी शिकवता येतात. चौथीसाठी ठरलेली पद्धत नाही.

काहींना शिकवावे लागत नाही. वाईच्या एका बाईंनी जुन्या साड्यांच्या काठांची पिशवीची आवरणे शिवली होती. तपासणीला येताना नेसलेल्या साडीला शोभेल असेच आवरण असायचे, आणि ते बघणारी मी एकटीच. माधवनगरचे एक निवृत्त गिरणी कामगार पिशवीला ‘साहेब’ म्हणत. “साहेब आज शांत आहेत” किंवा “साहेबांनी सकाळपासून गोंधळ घातलाय,” असा अहवाल ते दारातूनच देत. उलट इस्लामपूरचा एक तरुण शिक्षक दोनदा आला आणि नंतर आलाच नाही. फोन केला तर उचलायचा, “बरा आहे” म्हणायचा आणि ठेवायचा. तो कामावर परत गेला की नाही, हे मला आजही माहीत नाही.

सुभेदारांबद्दल कुणाला काळजी वाटली नव्हती. सरळ पाठीचा, साठीच्या आतबाहेरचा माणूस. किमो आणि किरणे शस्त्रक्रियेआधीच झाली होती. पिशवी बदलायला ते इतरांच्या निम्म्या वेळात शिकले. घरी जाताना मला म्हणाले, “सिस्टर, ड्रिल कळली. आता काय बी प्रॉब्लेम न्हाई.”

दिवाळीआधीच्या तपासणीत त्यांचे वजन बरेच उतरलेले निघाले. गालफडे बसली होती. कॅन्सरच्या रुग्णाचे वजन कारण नसताना उतरले तर पहिली शंका एकच असते. सर्जननी विचारले, “जेवण जातंय का?” सुभेदार म्हणाले, “जातंय.” सर्जननी रक्ततपासणी आणि स्कॅन लिहून दिला.

सुभेदार स्कॅनच्या रांगेत असताना त्यांच्या पत्नी मालनकाकी माझ्या खोलीत येऊन बसल्या. मी चहा मागवला. बोलता बोलता विचारले, “काकी, घरी नीट जेवतात ना?”

“जेवत्यात की. ज्या दिशी जेवत्यात त्या दिशी.”

“म्हणजे?”

“आवं, लय देवाचं झाल्यात आता. सोमवार, गुरवार, शनवार. चतुर्थी आन येकादस ती येगळीच. आन आता मंगळवार बी धरलाय.” काकींनी बशी खाली ठेवली. “रविवारी मटान न्हाई म्हनलं तर भांडनारा मानूस. मी म्हनलं, एक पोटाचं ऑपरेशन झालं आन सुदारला.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गावात नवऱ्याचा मान वाढला होता. लोक त्यांचे उदाहरण देत होते.

सुभेदार परत आले तेव्हा मी काकींना औषधाच्या खिडकीकडे पाठवले आणि सुभेदारांना विचारले, “मंगळवार कुणाचा?”

“मारुतीचा.”

“मग शनिवार?”

“त्यो बी मारुतीचाच. फौजेत उत्तरेकडची पोरं मंगळवार धरत्यात. म्या दोन्ही धरलं.”

मी त्यांना पोट दाखवायला सांगितले. पिशवीच्या वरच्या कडेवर पट्ट्याचा आडवा वळ होता आणि त्याखाली कातडी सोललेली होती. सुभेदार गणवेशातल्यासारखा रुंद पट्टा कंबरेला आवळत होते. पिशवीवर असा दाब आला की मळ खाली उतरत नाही, तिथेच पसरतो, चिकटलेली कडा सुटते आणि गळती होते. हे मी त्यांना शस्त्रक्रियेनंतर सांगितले होते. पण ढिल्या लेंग्यात बाहेर पडायचे त्यांना जमत नव्हते.

मग त्यांनी जे सांगितले ते असे. मे महिन्यात भावकीत साखरपुडा होता. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच ते पंगतीला बसले. पानावर वाढून झाले होते, घास उचलायचा बाकी होता, आणि पट्ट्याखाली ओले लागले. पंगतीतून मध्येच उठणे म्हणजे यजमानाचा अपमान. सुभेदार उठले, सदऱ्यावरून हात पोटाशी धरला आणि म्हणाले, “माफी करा. आज गुरवार हाय, माझ्या ध्यानातच न्हाई.”

कुणी रागावले नाही. भरल्या पानावरून उपवासासाठी उठलेला माणूस म्हणून दोघा-तिघांनी हात जोडले. पुढच्या गुरुवारी साखरपुड्यातलेच कुणीतरी घरी आले, तेव्हा सुभेदारांना खरोखर उपवास धरावा लागला. त्या दिवशी पिशवीत काही आले नाही. त्यातून त्यांनी हिशेब मांडला की, ज्या दिवशी बाहेर जायचे त्या दिवशी उपवास. बाहेरची कामे वाढली तसे वार वाढले.

“सिस्टर, मॅगझिन खाली असंल तर फायर हुनार कसं?” ते म्हणाले.

मी त्यांना विचारले, “उपवासाच्या दिवशी पोटातून आवाज कमी येतो की जास्त?”

“जास्त येतोय. म्हनून तर मंगळवार धरला.”

स्टोमा असलेले बरेच जण ही चूक करतात, पण अशी पुण्य पदरात पाडून करणारे सुभेदार एकटेच. आतडे रिकामे ठेवले म्हणून ते स्वस्थ बसत नाही. गॅस होतो आणि वाट मोकळी असल्यामुळे आवाज मोठा येतो. मळ कमी झाला तरी पातळ होतो, आणि पातळ मळाला पिशवीखालून वाट लवकर सापडते. त्यात उपवासाला खाणे काय, तर शेंगदाणे आणि रताळी. दोन्ही गॅस वाढवणारी. वेळच्या वेळी भाकरी-भाजी खाल्ली असती तर आतड्याने आपले वेळापत्रक स्वतःच धरले असते.

“स्कॅन कशासाठी केला, माहीत आहे?” मी विचारले.

“क्यान्सर परत आलाय का बगाया.”

“तुम्ही जेवत नाही, हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

“मग का जेवत न्हाई, त्ये बी सांगाया लागंल.”

“आणि काकींना?”

“ती मला चांगला समजतीय. समजू द्या.”

स्कॅनचा अहवाल यायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस कसे गेले, हे मला दोघांपैकी कुणी सांगितले नाही. अहवाल स्वच्छ होता. रक्तही ठीक होते. वजन उपाशी राहिल्यानेच उतरले होते. मी सर्जनना कारण सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि औषधाच्या चिठ्ठीवर ‘तीन वेळ जेवण’ असे लिहिले.

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण गावात दत्तजयंतीचा सप्ताह बसणार होता आणि वीणेच्या पहिल्या दुपारच्या पहाऱ्याला गावाने सुभेदारांचे नाव घातले होते.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. सप्ताहाचे सातही दिवस देवळात वीणा अखंड उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. प्रत्येकाची दोन तासांची पाळी असते, तिला पहारा म्हणतात. पहाऱ्यावरचा माणूस बसत नाही आणि दुसरा येईपर्यंत जागा सोडत नाही. चार-पाच वार उपवास करणारा, शिवाय फौजेत खरा पहारा दिलेला माणूस गावात दुसरा नव्हता. नकार द्यायला कारण उरले नव्हते. आणि सुभेदारांना नकार द्यायचाही नव्हता. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना ड्यूटी लावली होती.

या दुखण्यात बऱ्याच जणांना उपयोगी पडणारी एक पद्धत आहे. रोज सकाळी ठरावीक वेळी स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडे धुऊन काढायचे. सवय झाली की पुढचा दिवस बहुधा कोरडा जातो. पण ती सर्जनच्या परवानगीशिवाय करायची नसते आणि अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. वजन भरल्याशिवाय ती सुरू करायची नाही, असे सर्जननी सांगितले. म्हणजे सप्ताह साध्या पिशवीवरच निभावायचा होता.

मी सुभेदारांना सांगितले की, पट्टा बंद. पहाऱ्याच्या दिवशी सकाळी लवकर जेवण, रोजचेच, कमी नाही. नवी पिशवी आदल्या दिवशी लावायची, म्हणजे ती नीट चिकटते. दोन तास पिशवी सहज निभावते. आवाज आला तर स्टोमावर तळहात अलगद दाबायचा, आवाज बराचसा दबतो.

“दोन्ही हात ईन्यात अडकल्यालं असत्यात,” सुभेदार म्हणाले.

हे माझ्या लक्षात आले नव्हते.

माझा एक नियम होता. घरातल्या एका माणसाला आणि घराबाहेरच्या एका माणसाला हे माहीत असलेच पाहिजे. घरातला माणूस मदत करतो. बाहेरच्या माणसामुळे घराबाहेर पाऊल पडते. सुभेदारांच्या बाबतीत बाहेरचा माणूस कोण, हे उघड होते. हणमंत मोरे, सुभेदारांच्या शेताशेजारचा ऊस त्यांचा, शाळेपासूनचे सोबती, भजनी मंडळात टाळ धरणारे आणि सप्ताहाची व्यवस्था पाहणारे. पुढचा पहारा कुणाचा, हे तेच ठरवत.

“हणमाला?” सुभेदार उभेच राहिले. “सिस्टर, त्याचं त्वांड म्हंजे लाऊडस्पीकर. त्याला सांगायचं म्हंजे देवळाच्या कळसावरनं वरडल्यागत झालं. त्यापरीस मी पहारा सोडतो.”

“सोडा मग.”

ते नव्या पिशव्या घेऊन गेले.

यापुढचे मी पाहिलेले नाही. सुभेदार आणि हणमंत मोरे या दोघांनी वेगवेगळे सांगितले. सुभेदारांच्या म्हणण्याप्रमाणे ते देवळामागच्या नळापाशी बोलले. मोरे म्हणतात, उसाच्या बांधावर. बोलणे काय झाले, याबद्दल दोघांत फरक नाही.

“हणमा, माज्या पोटाला पिशवी हाय. संडासची. जलमभर ऱ्हानार.”

मोरे म्हणाले, “दाव.”

सुभेदारांनी सदरा वर केला. मोरेंनी वाकून पाहिले.

“दुकतंय?”

“न्हाई.”

“आन ह्येच्यापायी तू उपाशी मरत हुतास?”

“व्हय.”

“आरं शंकऱ्या, लेका, तुज्यामुळं निम्म्या गल्लीनं गुरवार धरलाय! माजी बायकू मला म्हनती, सुभेदाराचं बगा जरा. सा म्हैनं झालं, मटनाचा रस्सा डोळ्यानं दिसंना झालाय.”

“गावाला सांगू नगंस.”

“गावाला?” मोरे म्हणाले. “गावाला वाटतंय तुजा क्यान्सर परत आलाय आन तू वर जायाची तयारी करतुयास. पोरं म्हनत्यात, सुभेदारान्ला ह्या सप्त्यात ईना घालू, फुडला कुनी बगितलाय. त्यापरीस पिशवी लय बरी की रं.”

गाव असे बोलत होते, हे सुभेदारांना ठाऊक नव्हते. आपल्या व्रतामुळे मान मिळाला, अशी त्यांची समजूत होती.

पहाऱ्याच्या दिवशी त्यांनी सकाळी ज्वारीच्या दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. मालनकाकींनी वार विचारला नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनाही उपवासांचे खरे कारण सांगून झाले होते. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “मला वाटलंच हुतं.” हे खरे होते की नाही, याची खात्री मला करता आली नाही.

दुपारी सुभेदारांनी वीणा गळ्यात घातली. पहिला तास शांत गेला. नंतर भजन संपून दुसरे सुरू व्हायच्या मधल्या शांततेत पोटातून आवाज आला. पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिले. त्याच क्षणी मोरेंनी टाळ उचलला आणि कुणी चाल धरायच्या आत जोरात वाजवायला सुरुवात केली. मृदंगवाला गोंधळून त्यांच्या मागे धावला. आवाज दुसऱ्यांदा आला तेव्हा टाळ आणखी चढला. संथ चालीचे ते भजन त्या दुपारी एवढ्या जलद म्हटले गेले की शेवटच्या कडव्याला अर्ध्या मंडळींचा श्वास संपला होता. मृदंगवाल्याने नंतर मोरेंशी भांडण काढले. मोरे म्हणाले, “मला देवानं तसं सुचीवलं. तू देवाला इचार.”

सुभेदारांनी दोन तास पूर्ण केले. पिशवी गळली नाही. पुढच्या माणसाच्या गळ्यात वीणा घालून ते देवळाबाहेर आले, तेव्हा मोरे पायरीवर बसून हाताचे तळवे चोळत होते.

“पुन्यांदा भाकरी खाशील तवा वांगं खाऊ नगंस,” ते म्हणाले. “माजं हात निघालं.”

सप्ताहानंतर सुभेदारांनी आणखी किती जणांना सांगितले, हे मला माहीत नाही. उपवासांपैकी संकष्टी तेवढी राहिली, ती काकींच्या आग्रहाने. फेब्रुवारीत वजन जवळपास पूर्वीइतके झाले आणि सर्जननी पाण्याच्या पद्धतीला परवानगी दिली. मी शिकवली. पहिल्या दिवशी पाणी फार गरम झाले, दुसऱ्या दिवशी फार घाई झाली, महिन्याभरात जमले. आता ते रोज पहाटे तासभर देतात आणि दिवसभर पिशवीऐवजी स्टोमावर छोटे आवरण लावून फिरतात. जड उचलायचे नाही, हे पथ्य आहे, कारण स्टोमाभोवतीचे स्नायू कमजोर असतात. त्यामुळे पोती आणि मोळ्या दुसरे उचलतात. उसाला पाणी पाजणे, ट्रॅक्टर, साखर कारखान्याच्या चेअरमनशी भांडणे ही कामे ते स्वतः करतात. जुन्या पलटणीच्या मेळाव्यासाठी एकदा जालंधरपर्यंत जाऊन आले. पाच वर्षांची तपासणी पूर्ण झाली, त्यात आजार कुठे दिसला नाही. स्टोमा कायम आहे.

सप्ताहानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, तपासणीची तारीख नसताना, सुभेदार रुग्णालयात आले. सोबत हणमंत मोरे होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. बुटके, टोपी हातात, बसायला तयार नाहीत.

“सिस्टर, ह्येला रगात जातंय,” सुभेदार म्हणाले. “संडासला. वर्सभर.”

“मूळव्याद हाय ती,” मोरे म्हणाले. “माज्या बाला बी हुती.”

“तुजा बा डाक्टर हुता काय?”

“आरं पर बाईमानसापुढं...”

“सिस्टर बाईमानूस न्हाई. सिस्टर हाय. सांग, कवापासनं त्ये.”

मोरे माझ्याकडे न बघता टोपीकडे बघत बोलले. गेल्या ज्येष्ठापासून. कधी कमी, कधी जास्त. घरात कुणाला माहीत नाही. सुभेदारांना आठ दिवसांपूर्वी सांगितले.

“त्यानं पिशवी दावली म्हनून,” ते म्हणाले. “न्हाईतर मी कुनाला बोललू नसतो.”

मी त्यांना सर्जनकडे नेले. दोन दिवसांनी दुर्बिणीची तपासणी ठरली. तपासणी चालू असताना सुभेदार बाहेरच्या बाकावर बसले होते. चहाला बोलावले तर आले नाहीत.

मोठ्या आतड्यात एक गाठ निघाली. ती दुर्बिणीतूनच काढता आली, पोट उघडावे लागले नाही. तपासणीच्या अहवालात ती कॅन्सरकडे वळण्याच्या बेतात होती, पण वळली नव्हती. मूळव्याधही होती, तिच्यावर वेगळे उपचार झाले. सर्जननी तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करायला सांगितले. ती झाली. त्यानंतरची दुसरी या श्रावणात झाली. मी निवृत्त असल्यामुळे सुभेदारांनी फोन करून कळवले. मोरेंच्या आतड्यात काही सापडले नाही.